शंकररावांच्या पुढून जाणारे तबक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पंचमंडळाचे सचिव माननीय जयदेव साळवेसाहेब, मंडळीचे पाळक आदरणीय रेव्हरंड शरदचंद्र उजागरे, व्यासपीठावर अंग चोरून बसलेले सत्कारमूर्ती शंकरराव पारखे व सरस्वतीवहिनी, समोर बसलेल्या बंधुभगिनींनो, आणि चहा कधी येतो म्हणून मागच्या दाराकडे पाहणाऱ्या तरुण मंडळींनो, सर्वांना माझा सलाम.

शंकरराव रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झाले. परवा सोमवारी अंबरनाथ सोडून ते नेवाशाकडे आपल्या गावी निघाले आहेत. त्यांना निरोप देताना मी काय बोलावे, हे साळवेसाहेबांनी निमंत्रणपत्रिकेत छापूनच टाकले आहे : ‘आज्ञाधारक ख्रिस्ती जीवनाचे आशीर्वाद’. वर मला बजावले, “दहा मिनिटं बोला, आणि गोड बोला.” दहा मिनिटांचे पाहू. गोडाचे मात्र मी वचन दिलेले नाही.

मी शेवगावकडच्या खेड्यात मिशनच्या शाळेत शिकलो. आज उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कारखान्यात तयार माल तपासतो. टेबलावर पडलेली ही पत्रिका शेठने पाहिली. त्यांना मराठी वाचता येते. म्हणाले, “साईं, ये आशीर्वाद में क्या क्या मिलता है?” मी म्हटले, “शेठ, रविवारी या. आमच्याकडे उभे राहून सांगतात.”

खोटे आहे का? आपल्याकडे उपासनेत साक्ष द्यायची रीत आहे. देवाने काय केले ते सर्वांना सांगावे, चांगली रीत आहे. पण गेली काही वर्षे आपण काय ऐकतो? प्रभूने गॅस दिला. प्रभूने रंगीत टीव्ही दिला. प्रभूने टेलिफोनचा नंबर लावला. एका भावाने तर स्कूटरचा रंगसुद्धा प्रभूनेच निवडला म्हणून सांगितले. त्या आकाशातल्या बापाला या लोकांनी हप्त्यावर माल देणारा दुकानदार करून टाकले आहे! आम्ही आज्ञा पाळतो, तू माल पाठव. आणि ज्याच्या घरी माल आला नाही, त्याच्याकडे कसे पाहतात? त्याने कुठेतरी आज्ञा मोडली असणार, अशा नजरेने.

हसू नका. साळवेसाहेब हसत नाहीत, बघा. साहेबांची साक्ष तर नेहमी लांब असते. खरवईचा फ्लॅट हा आज्ञापालनाचा आशीर्वाद, असे त्यांनी इथेच सांगितले. मला मनापासून आनंद झाला. किल्ली हातात आली, पण साहेब राहायला जाईनात. विचारले तर म्हणाले, रंग ओला आहे. पितृपंधरवडा संपेपर्यंत तो रंग वाळला नाही. घटस्थापनेच्या सकाळी खडखडीत वाळला. असो. रंगाच्या कारखान्यात जन्म गेला शंकररावांचा. त्याबद्दल ते अधिक सांगतील.

आता सत्कारमूर्तींकडे वळतो. शंकररावांना काय आशीर्वाद मिळाला? फ्लॅट नाही, स्कूटर नाही. चाळीतली एक खोली, आणि शेजारी धोंडिबा कांबळे. हे धोंडिबा बौद्ध. एकाच कारखान्यात, एकाच पाळीला. मधली भिंत इतकी पातळ की धोंडिबा खोकले की सरस्वतीवहिनी इकडे आले ठेचायला घेत.

धोंडिबा गेले तेव्हा घरात एकटी त्यांची पत्नी, बाकी नातेवाईक लातूरकडे. वेळेवर पोचणे शक्य नव्हते. शंकररावांनी अंगण झाडले, पाणी तापवले, धोंडिबांना अंघोळ घातली, खांदा दिला. वंदना झाली तेव्हा सगळे हात जोडून उभे होते, तसे तेही राहिले. पुढे पुण्यानुमोदनाच्या विधीला जेवायला बसले. बस्स, एवढेच. यात सांगण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटले नाही, म्हणून त्यांनी साक्षही दिली नाही.

ती पंचांनी काढून घेतली. मी सतरंज्या आवरत होतो, दार उघडे होते, म्हणून ऐकले.

“हात जोडले होते का?”

“जोडले होते.”

“कोणापुढे?”

“धोंडिबापुढं.”

“तिथे मूर्ती होती ना?”

“असंल. माझं ध्यान धोंडिबाकडं होतं.”

“त्यांच्या विधीची खीर खाल्लीत?”

“खाल्ली. साखर कमी होती.”

पंच चिडले. साळवेसाहेब म्हणाले, “शंकरराव, चुकलं म्हणा, विषय मिटला.” शंकरराव म्हणाले, “साहेब, चुकलं असतं तर तुमच्या आधी मीच म्हणालो असतो.”

आज्ञाभंग ठरला. शंकरराव पारखे मंडळीच्या शिस्तीखाली. प्रभुभोजनात त्यांनी भाग घ्यायचा नाही. शिक्षा थोड्या महिन्यांची होती, पण उठवायची कोणाला आठवणच राहिली नाही. सचिवांना हारतुऱ्यांची आठवण राहते, याची नाही. उजागरे पाळक नंतर आले. शिक्षा त्यांनी दिलेली नाही, ते फक्त ती सांभाळतात.

आणि शंकरराव? रुसून घरी बसले नाहीत. पलीकडच्या मंडळीत गेले नाहीत. दर प्रभुभोजनाला शेवटच्या बाकावर येऊन बसतात. भाकरीचे तबक त्यांच्यापर्यंत येते. ते दोन्ही हातांनी घेतात आणि शेजाऱ्याला देतात. स्वतः काही घेत नाहीत. तुम्ही सगळ्यांनी हे पाहिले आहे. मान खाली घालून पाहिले आहे. प्रार्थनेत मान खाली घालायची सोय असते.

शेजाऱ्यावर प्रीती करा, ही आज्ञा मला मिशनच्या शाळेत पाठ करायला लावली होती. शेजारी कोणत्या धर्माचा, ते त्यात नव्हते. ती पाळली म्हणून शंकररावांना मोबदला काही मिळाला नाही, उलट होते ते गेले. पण मी त्यांना कुढताना पाहिले नाही. आज्ञा पाळणाऱ्याला ती पाळता आली, त्यापुढे त्याला काही मागावेसे वाटले नाही, याला मी आशीर्वाद म्हणतो. बाकीची बक्षिशी आहे. बक्षिशी नोकराला मिळते, साहेब. लेकरू घरी जेवायला बसते.

काय म्हणालात? वेळ झाली? एकच गोष्ट राहिली.

गेल्या आठवड्यात धोंडिबांच्या पत्नी चांगुणाबाई माझ्या घरी आल्या. मी बसा म्हटले तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, “भाऊ, शंकरभावजींना तुमच्या देवाच्या जेवणाला बसवत न्हाईत म्हनं, आमच्या मयताला आले म्हनून. मला आत्ता कळलं. त्ये जायाच्या आदी मी तुमच्या मोठ्या लोकांच्या पाया पडते. माजं चुकलं म्हनते. मग बसवतील का?”

ऐकलेत? ज्या बाईचा नवरा गेला, ती त्याच्या मयताबद्दल माफी मागायला तयार आहे. आणि आपण इथे शाल आणि नारळ घेऊन उभे!

मी त्यांना म्हटले, “वहिनी, पाया कोणाच्या पडू नका. शनिवारी समारंभाला या.” त्या आल्या आहेत. शेवटच्या ओळीत, दाराजवळ, पांढऱ्या लुगड्यात. चपला बाहेर काढून ठेवल्यात त्यांनी. आपल्यापैकी कोणी काढल्यात?

शंकरराव, तुम्ही बसल्या जागेवरून माझा कोट ओढू नका. तुम्ही नको म्हणालात, तरी मी बोलणार होतोच.

पाळकसाहेब, उद्या रविवार, प्रभुभोजन आहे. शंकररावांचे या मंडळीतले शेवटचे. उद्या ते तबक त्यांच्यासमोर थांबणार, की पुन्हा पुढे जाणार? पुढे गेले तर मी आणि माझी पत्नी उमा त्यांच्याच बाकावर असू, आणि आम्हीही ते पुढे देऊ. पण हे उत्तर मला नको. ते चांगुणाबाईंना द्या, म्हणजे घरी जाताना त्यांच्या डोक्यावरचे ओझे उतरेल.

साळवेसाहेबांनी संधी दिली, तुम्ही शांतपणे ऐकलेत, महिला मंडळाने सकाळपासून स्वयंपाकघरात कष्ट घेतले. सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात माझे काही उणेअधिक झाले असेल तर ते पदरात घ्या. माझी माफी मी इथे सर्वांसमोर मागतो. पण त्या बाईंना मागायला लावू नका.

पाळकसाहेब, हा माईक घ्या. त्या उठून उभ्या राहिल्या आहेत.