वळणावर अडवलेला टँकर

सिस्टर : बापू, डायलिसिस आत्ताच सुरू करता येणार नाही. टाकीत दोघांपुरतंच पाणी उरलंय आणि तुम्ही आठ जण.

बापू : टँकर दहाला यायचा होता ना?

सिस्टर : खालच्या वळणावर बायकांनी अडवलाय. सगळ्यांत पुढे एक म्हातारी बसलीय म्हणे, चष्म्याला दोरी बांधलेली.

बापू : म्हणजे आमची ताईच.

सिस्टर : मलाही तेच वाटलं. बोला ना त्यांच्याशी.

बापू : कोणत्या तोंडानं बोलू? महिनाभर आभाळ नुसतं भरून येतंय आणि जातंय. तिच्याकडे नऊ दिवस नळाला थेंब नाही. मला प्यायला दिवसाला अर्धा लिटर, आणि रक्त धुवायला दोनशे!

सिस्टर : मागच्या खेपेला तुमचे दोन तास कापले. पायाला बोट लावलं तर रुततंय. आडवं होता आलं का काल?

बापू : बसूनच काढली रात्र. लावा फोन, स्पीकरवर ठेवा.

ताई : बोल लवकर, इथे गोंधळ चाललाय.

बापू : ताई, तो टँकर सोड.

ताई : का? त्या वरच्या बड्या हॉटेलच्या हिरवळीवर ओतायला?

बापू : हॉटेलचा नाही गं. दवाखान्याचा आहे. माझ्या मशीनचा.

ताई : ड्रायव्हर मघापासून हेच सांगतोय. आम्हाला वाटलं, थापा मारतोय.

सिस्टर : खरं बोलतोय तो, ताई. आठ जण खोळंबलेत इथे.

ताई : आणि इथे साठ घरं, सिस्टर. शेजारची पोर बाळंत होऊन बारा दिवस झाले, तिला अंघोळीला पाणी नाही. काय सांगू मी यांना? माझा भाऊ आहे, म्हणून उठा?

बापू : तसं नको सांगूस.

ताई : मग कसं सांगू?

(फोन बंद होतो. पाऊण तासाने पुन्हा वाजतो.)

ताई : घरटी दोन हंडे घेतले. दोघीतिघी माझ्याशी बोलायच्या बंद झाल्यात, पण उठल्या. उरलेल्यात तुमचं भागेल का?

सिस्टर : आजचं भागेल. परवाचं काही सांगता येत नाही.

ताई : परवा आम्हालाही लागेलच की.

बापू : ताई, तुझे हंडे भरून घेतलेस ना?

ताई : टँकर निघाला बघ. ठेव आता फोन.