देवदत्तच्या ग्लासातलं जिंजर एल

...आणि हातात पुलावाचा फॉइलचा ट्रे, चेहऱ्यावर दुःख, अन् बूट काढता काढता येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न काय? तर, "वहिनी, फार घ्यायचा का हो?" अहो, दारात! नवरा जाऊन सहा दिवस झालेत, त्याचा चष्मा अजून टेबलावर आहे, आणि ह्यांना ब्रँड हवाय! तुम्हाला सांगते, लिव्हरचा कॅन्सर म्हटलं की आमच्या ह्या परदेशातल्या पिस्कॅटवेच्या मराठी माणसाला दुसरं कारण सुचतच नाही. पण तो पीत नव्हता हो!

आता हे पटणार कसं? चूक देवदत्तचीच. वीस वर्षांपूर्वी इथल्या वडीलधाऱ्या जगन्नाथकाकांच्या बेसमेंटमधल्या पार्टीत हा बापडा खरं बोलला, "मी घेत नाही." झालं! काका बाटली घेऊन घरभर मागे. "अरे घे रे, थोडीशी! माझी शपथ आहे तुला!" हा बाथरूममध्ये जाऊन बसला, तर काका बाहेर उभे! पुढच्या पार्टीपासून ह्याने युक्ती काढली. गेल्या गेल्या ग्लास उचलायचा, बर्फ टाकायचा, वर जिंजर एल, म्हणजे आल्याचा बिनदारूचा सोडा. रंग व्हिस्की-सोड्यासारखाच, बुडबुडे तसेच. कुणी आलंच तर ग्लास वर करायचा आणि म्हणायचं, "चालू आहे!" वीस वर्षं चालू होतं... आता साठ घरांनी डोळ्यांनी पाहिलंय म्हटल्यावर बायकोचं कोण ऐकतो?

मग झालं काय होतं? तर हेपटायटिस बी. जन्मताच आईकडून आलेला, पत्ताच नाही. बरं, ह्याची थोरली बहीण राधिका, तिच्याही रक्तात तोच विषाणू, आणि ती साठीत ठणठणीत! मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, असं कसं? त्या म्हणाल्या, एकच एक कारण नसतं, पण हा कॅन्सर पुरुषांना बायकांपेक्षा दुपटी-तिपटीने होतो, आणि त्यात हार्मोन्सचा हात दिसतो. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन ह्या विषाणूला जोर देतं, बायकांचं इस्ट्रोजेन लिव्हरची सूज आवरून धरतं. तेही पाळी जाईपर्यंत, मग आपलंही कवच पातळ होतं.

मी हे सगळं हॉलमध्ये नीट समजावून सांगितलं. बायका पुढे सरकल्या, पुरुष सोफ्यात मागे गेले! जिममध्ये दंड फुगवणारा मिहीर म्हणतो, "काकू, यू मीन, पुरुष असणं हाच प्रॉब्लेम? कमॉन यार!" आमच्या ग्रुपमधली आसावरी नवऱ्याकडे असं बघतेय, जणू लग्नापासूनचा संशय आज खरा ठरला. आणि जगन्नाथकाका? माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "राहू दे गं पोरी ते हार्मोनबिर्मोन. घेत होता तर घेत होता. आपलाच होता ना?" क्षमा केली हो त्यांनी! आणि पीत नव्हता तो!

अहो, त्याच्या नावाची बदनामी एक वेळ सोडा. पण देशाच्या दुसऱ्या टोकाहून, बॉथेलहून आलेला माझा धाकटा दीर रवींद्र... आई तीच, म्हणजे विषाणू असण्याची भीतीही तीच, वरून पुरुष! त्याला म्हटलं, नुसती रक्ताची टेस्ट कर. तर म्हणतो, "वहिनी, मला कशाला? मी घेत नाही." दादाला दारूने नेलं, असं एकदा ठरवलं की बाकीचे सगळे सुरक्षित! रोज सांगितलं, राधिकाकडून फोन करवला. ढिम्म!

तेराव्याच्या संध्याकाळी चारजण प्यायला बसले होते, रवींद्रच्याही हातात ग्लास. मी भांडी आवरताना तो उचलला, सहज नाकाशी नेला...

"रवींद्र, हे काय आहे?"

"हळू बोला ना वहिनी! जिंजर एल आहे. हातात ग्लास नसला की ही माणसं जगू देत नाहीत."

मी कपाटातून देवदत्तचा ग्लास काढला, त्याच बाटलीतलं त्यात ओतलं आणि त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो नाकाशी नेला. मग म्हणाला, "दादा पण?"

पुढच्याच आठवड्यात त्याने टेस्ट केली. आहे. विषाणू आहे. पण लिव्हर अजून स्वच्छ. आता गोळी चालू, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. फोनवर रडला. मी नाही रडले, मी वरण फोडणीला टाकलं होतं.

तर असं. परवा काकांकडे पहिल्यांदाच एकटी गेले. दारातच काका, "घे गं थोडी वाईन, बरं वाटेल! माझी शपथ!" दोन वेळा नाही म्हटलं, तीन वेळा म्हटलं. शेवटी मुकाट्याने ग्लास उचलला, बर्फ टाकला, जिंजर एल ओतलं... आणि पाठीमागून आसावरीचा आवाज, अगदी कळवळून, "बिचारी! तो गेला आणि हिने सुरू केली!"

मी वळले, ग्लास वर केला आणि म्हटलं, "चालू आहे!"