न फोडलेला नारळ

(ठाणे, १९९३. नौपाड्यातलं एक छोटं हॉस्पिटल, सकाळची वेळ. कोलशेतचा धाकू कोळी खाटेवर, बायको आवडाबाई शेजारी. ऑपरेशनला अकरा दिवस झालेत.)

डॉक्टर : परत सांगतो, धाकूभाऊ. कॅन्सर नाही.

धाकू : पन गाठ पपनसाएवढी होती, बोलला ना तुम्ही?

डॉक्टर : होती. प्रोस्टेटला चिकटलेली, आत नुसत्या पाण्याच्या पिशव्या. तिनंच लघवीची वाट अडवलेली. अशी गाठ फार क्वचित सापडते, पण साधी असते. पोट उघडून सगळी काढली. काल रिपोर्टही तसाच आला. वर्षातून एकदा तपासून घ्यायचं, बास.

आवडाबाई : देव तुमचं भलं करो. दोन म्हयने नळी लावून बसलेले हे.

डॉक्टर : आज नळी काढल्यावर लघवीला त्रास झाला?

धाकू : नाय. मोकळी झाली. तुमचे उपकार हायेत, डाक्टर.

डॉक्टर : मग तोंड का उतरलंय?

आवडाबाई : मी सांगते. गाठ ऐकली आन् यांनी मरायची तयारी केली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पंचांना बोलावलं. खाडीत जाळं लावायची आमची जागा धाकट्या भावाला, मोरूभावजींना देऊन टाकली.

डॉक्टर : मागा परत.

धाकू : पंचांसमोर नारळ हातात दिला. दिलेली जागा मागत नाय आमच्यात. बापाची जागा होती. मना वाटलं, माझ्यामागं भांडनं नकोत. आता जगलो, पन जाळं लावू कुठं?

आवडाबाई : काल मी खाडीवर गेलेली. जाळं बांधायचे तुमचे खुंट रिकामेच हायेत. भावजींनी एकदापन जाळं लावलं नाय.

धाकू : उधानाचे दिवस, मासळी भरपूर, आन् बसून काढले? डोकं फिरलं काय त्याचं?

आवडाबाई : तेच विचारलं मी. तर बोलले, नारळ फोडून खाडीला दिला की जागा माझी. मी फोडलाच नाय. दादा यायचाय अजून.

धाकू : असं बोलला मोरू?

आवडाबाई : असंच. देव्हाऱ्यात ठेवलाय नारळ. रडताय कशाला आता?

धाकू : रडू दे मना. डाक्टर, जाळं ओढायला कधी जाऊ?

डॉक्टर : दोन महिने जड काही ओढायचं नाही.

धाकू : मग तवर मोरूला लावायला सांग, आवडा. बोल, दादानं सांगितलंय. नारळ मात्र तसाच ठेव म्हनावं.