सासूबाईंचा हीट पंप आणि माझं 'हो'

…नाही, मला एक सांगा, भिंतीवरची एवढीशी डबी विकताना माणसाला इतके प्रश्न विचारतात का? माझं लग्न जमवतानासुद्धा मला इतके प्रश्न विचारले नव्हते! तेव्हा सासऱ्यांनी नोकरी विचारली आणि सासूबाईंनी विचारलं, "पोहता येतं का?" मी 'हो' म्हटलं. आता ते खोटं होतं, पण ते जाऊ द्या...

तर सासूबाई. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकट्या राहतात. आयुष्यभर तलावावर पोरांना पोहायला शिकवलं. ऐन थंडीत छातीभर पाण्यात उभं राहून शिट्ट्या फुंकणारी बाई हो ही! हुडहुडी म्हणजे काय, ते यांना फक्त शिष्यांकडे बघून माहीत! त्यांच्या घरी आहे हीट पंप. म्हणजे बाहेर भिंतीला टेकून पंख्याची पेटी असते ना, तो. हिवाळ्यात बाहेरची ऊब ओढून आत आणतो आणि उन्हाळ्यात तोच उलटा चालतो, आतली ऊब बाहेर टाकतो. उलटा! हे ध्यानात ठेवा. मी नव्हतं ठेवलं.

त्यांच्या वाढदिवसाला मला आली हौस. म्हटलं, आईंना स्मार्ट थर्मोस्टॅट देऊ, म्हणजे पंपाला किती ऊब हवी ते सांगणारी भिंतीवरची डबी! उठून बटण फिरवायला नको, मी ऑफिसात बसून फोनवरून ऊब पाठवीन. आहे की नाही जावई? तर कंपनीच्या साइटवर लिहिलेलं, 'घेण्याआधी तपासा, तुमच्या पंपाला चालेल का?' बसलो तपासायला. 'जुन्या डबीचं झाकण काढून तारा पाहिल्यात का?' आता जुनी डबी सासूबाईंच्या भिंतीवर, मी माझ्या सोफ्यावर, हातात वाफाळता चहा... हो! 'तारांचा फोटो काढलात का?' हो! 'पंपाचं माहितीपत्रक वाचलंत का?' अहो, मी औषधाच्या बाटलीवरचं वाचत नाही, पंपाचं काय वाचणार? हो! लगेच हिरवी खूण. 'अभिनंदन!' तुम्हाला सांगतो, मी फक्त 'हो' म्हटलं!

बसवताना शेवटचा प्रश्न आला. 'पंपाची दिशा बदलणारी तार केव्हा चालू होते? गार करताना की गरम करताना?' खाली बारीक ओळ, 'खात्री नसल्यास कारागिराला विचारा.' यात कारागिराला काय विचारायचं? बाहेर कडाक्याची थंडी, म्हातारीला हवंय काय? गरम! दाबलं 'गरम'. 'नक्की?' हो म्हणजे हो!

झालं. चार दिवसांत सासूबाईंचा फोन. "जावईबापू, घर जरा गार वाटतंय का हो?" मी फोनवर बघितलं. मोठ्ठा आकडा, चोवीस. म्हटलं, "छे हो आई, चोवीस आहे!" त्याच्याखाली एक बारका आकडा होता. खोलीचं खरं तापमान ते होतं, वरचा चोवीस म्हणजे नुसती माझी इच्छा होती, हे मला कोण सांगणार? मग बायको जाऊन आली. "अहो, आईकडे दात वाजतात!" मी म्हटलं, "तू बाहेरून गेलीस ना, म्हणून. हे बघ, चोवीस!" आकड्यापुढे कोण बोलणार?

आणि मग रविवारी सासूबाईंनी मला समोरासमोर विचारलं, "मग मला एकटीलाच का हो वाजते थंडी?" आणि तुम्हाला सांगतो... जीभ झडायला हवी होती माझी... मी म्हटलं, "आई, वयानुसार होतं असं."

वयानुसार!

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं हो! पण त्या नुसतं म्हणाल्या, "असेल बाबा." त्या दिवसापासून अंगात दोन स्वेटर, पायांत लोकरीचे मोजे आणि रोजचं तलावावर पोहायला जाणं बंद. माझ्या मुलीला जवळ बोलावलं, कपाटातली शिट्टी काढून तिच्या हातावर ठेवली. "तू ठेव गं. आता आजीला पाणी नाही सोसायचं." पोरगी रडवेली, बायको खिडकीकडे तोंड करून उभी... आणि मी? मी फोन काढून चोवीसचे सव्वीस केले! माझ्या परीनं माया केली हो! आणि जितकी माया करावी तितकं ते घर गार पडत होतं, त्याला मी काय करू? मी फक्त 'हो' म्हटलं होतं!

शेवटी मीच हट्टानं त्यांना डॉक्टरकडे नेलं. रक्त चांगलं, छाती चांगली. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणतात, "हं... अशक्तपणा असेल. टॉनिक देतो, रोज दोन चमचे. आणि घर उबदार ठेवा. असतं ना उबदार?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं... काय म्हटलं असेल? बरोबर!

घरी आणलं, कॉटवर बसवलं. बायकोनं टॉनिक पाजलं, सासूबाईंचं तोंड कडूजहर झालं. मी म्हटलं, थांबा, आता तिशी गाठतो! दाबला तीसचा आकडा आणि नेमका छताजवळच्या, पंपाची हवा सोडणाऱ्या जाळीखाली उभा होतो. मानेवर झोत आला... बर्फ हो, बर्फ! हात वर धरला. बर्फच! आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उलटा चालतोय! प्रश्न तारेचा होता, आईंना काय हवंय त्याचा नव्हता! मी ऊब मागतोय आणि तो उन्हाळा समजून या बाईला गोठवतोय! बाथरूममध्ये गेलो, कडी लावली, फोनमध्ये तो प्रश्न शोधून काढला आणि दाबलं 'गार'. 'नक्की?' पहिल्यांदाच मी प्रश्न दोनदा वाचला हो, आणि मग 'हो' म्हटलं.

बाहेर पेटी क्षणभर थांबली, मग घरघरली. थोड्या वेळानं सासूबाईंनी एक स्वेटर काढला. मग दुसरा. मोजे काढले. आणि एकदम ओरडल्या, "अगंबाई! टॉनिक लागू पडलं गं!" बायकोच्या डोळ्यांत पाणी. "अहो, तुम्ही नेलंत म्हणून हो!" मी म्हटलं, "आई, एक सांगायचं होतं..." तर माझा हात धरून म्हणतात, "काही बोलू नका. पोटच्या पोरानं केलं नसतं तुम्ही केलंत ते."

आता काय सांगू? सासूबाईंचं वय झालेलं नाही, हे त्यांना कळायलाच हवं, मला पटतंय हो! पण 'वय झालं' म्हणणारा कोण, हेही त्याच दमात सांगावं लागणार ना! रोज ऑफिसातून सुटलो की सांगायचं ठरवून तिकडे जातो. बाई तलावावरून पोहून आलेली असते, केस ओले, आणि टॉनिकच्या बाटलीला नमस्कार करते. तलावावरच्या सगळ्या मैत्रिणींना तिनं ते चालू केलंय!

परवा म्हटलं, आज सांगायचंच. उंबऱ्यात पाऊल टाकलं, तर माझं तोंड बघून म्हणतात, "जावईबापू, चेहरा किती उतरलाय! तुम्हालाही अशक्तपणाच दिसतोय." माझ्यासाठी वेगळी बाटली आणून ठेवलेली! आता रोज स्वतःच्या हातानं दोन चमचे पाजतात आणि विचारतात, "अंगात ऊब वाटते का?" काय सांगू तुम्हाला, औषध जालीम आहे... भर थंडीत घाम फुटतो हो मला!