तिसऱ्याच महिन्यात दंडाला पट्टा

आता तुमीच सांगा, तिसऱ्या महिन्यात कुणी दवाखान्याची पायरी चढतं व्हय? अवो, पाचवा लागंस्तवर आमच्यात शेजारणीच्या कानावर घालत न्हाईत, नजर लागती, आन आमचा भैरू, माझा लेक, फस्ट शिफ्टला गेला आन कंपनीच्या डागदराला सांगून मोकळा… "बायकोला दिवस गेलेत!" झालं! सुनेला ना ताप, ना कळ, तरी दुसऱ्या दिवशी नर्सबाई आमच्या कासारवाडीच्या घरात. काय झालं न्हाई आन तपासाय आली!

तुमाला सांगते, इंद्रायणीच्या, म्हंजी सुनेच्या, दंडाला पट्टा आवळला, रबरी फुगा दाब दाब दाबला, आन म्हणती कशी, "छबूबाई, हिचं प्रेशर वाढलंय. रोज गोळी, आराम, लोणचं बंद. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात आणायचं." लोणचं बंद? अवो, तिला डोहाळेच लोणच्याचे! ते मारले आन पोराचा कान फुटला, तर तो काय नर्सबाई पुसणार हाय? मी बी ऐकवलं, "बाई, मला सात झाली, बाजरी खुरपता खुरपता झाली, कुणी पट्टा बांधला न्हाई. काय झालं न्हाई!"

तर ती कार्डावर लिहिता लिहिता म्हणती, "सात झाली. आहेत किती?"

…चार. चार हायेत. थोरली शालन पैल्या बाळंतपणाला माझ्याकडं आलेली. आठव्यात पाय सुजले, म्हटलं सुजत्यातच. डोस्कं ठणकतंय म्हणाली, म्हटलं ऊन लागलं आसंल. मग झटके आले. पोटातल्यासकट गेली माझी पोर. तिलाबी मीच म्हणत व्हते, काय झालं न्हाई, काय झालं न्हाई…

नर्सबाईनं त्ये इचारलं, तवापासनं सुनेला इथं दवाखान्यात मीच आणते. कोण आणणार दुसरं? आन एवढं करून मागल्या खेपंला डागदरीणबाईंनी काय म्हणावं? "प्रेशर उतरतंय, पण घरात हिच्यामागं कटकट नको." नाव न्हाई घेतलं हां कुणाचं, बघितलं निस्तं माझ्याकडं. आन भैरू, नऊ म्हैनं पोटात वागवला त्यो, घरी येऊन म्हणतो, "आये, बाळंत होईस्तवर तू बोलायचं न्हाई."

म्हणून तर बाई, तुमाला धरलंय. ती आत गेलीया, पट्टा सुटंस्तवर बोलून घेते.