इतर कामे

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिंप्याने कान टवकारले. शेजारी एक मुलगी आपल्या मावशीला स्वतःच्या नव्या नोकरीचा करार वाचून दाखवत होती. संध्याकाळी सही करायची होती.

"'कंपनी सांगेल ती इतर कामेही करावी लागतील.'"

"इतर म्हणजे कुठली?"

"ते नाही लिहिलेलं."

"म्हणजे उद्या साहेबाची गाडी धुवायला लावतील! पुढे?"

"'सुट्टी कामाच्या सोयीनुसार मिळेल.'"

"म्हणजे मिळणारच नाही. पुढे?"

"त्यांनी मला कधीही काढावं, मी सोडायचं तर तीन महिने आधी सांगावं."

"वा रे वा! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! अजिबात सही करायची नाही. माणूस आहेस की वेठबिगार?"

"मावशी, तू तुझ्या स्वयंपाकाच्या बाईंना पंखेसुद्धा पुसायला लावतेस."

"एखाद्या वेळी!"

"परवा त्यांनी सुट्टी मागितली, तर पाहुणे येणार म्हणालीस."

"येणारच होते! आणि तिला कसला आलाय करार? ती अगदी घरच्यासारखी आहे."

"थांब, शेवटची ओळ राहिली. 'आमची कंपनी म्हणजे एक कुटुंबच आहे.'"

शिंप्याच्या तोंडून फस्सकन हसू निसटलं.

"तुम्हाला काय झालं हो?" मावशी गरजली.

"काही नाही, ताई. दाढ."