हातमोजा आणि जिलबीचं फडकं

समारंभाचे अध्यक्ष डॉ. रंगनाथ सर, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या साधना सिस्टर, जळीत वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर आणि मावश्या, आणि समोर बसलेल्या माझ्या भाजलेल्या बंधू-भगिनींनो! हसा, हसा. आपल्याला परवानगी आहे.

मी नवनाथ, नामपूरचा लग्नाचा आचारी. भाषण हे काही माझं काम नाही. चार वर्षांपूर्वी जिलबीची कढई कलंडली आणि कडकडीत तूप उजव्या हातावर आलं. सरांनी मांडीची कातडी काढून हातावर लावली. माझा एकच प्रश्न होता, मूठ वळेल का? जिलबीचं पीठ भरलेलं फडकं मुठीत पिळावं लागतं. मूठ नाही तर आचारी कसला?

घरी जाताना साधना सिस्टरांनी घट्ट हातमोजा दिला. "अंघोळीपुरता काढायचा. वर्षभर. नाहीतर कातडी जाड होईल, बोटं आखडतील." मी मान डोलावली. पण लग्नसराई आली. मांडवात एका पाहुण्यानं विचारलं, "आचारी आजारी शे का?" यजमानांचा चेहरा पडला. मी हातमोजा काढून खिशात टाकला, तो टाकलाच.

आता सिस्टरांची रीत तुम्हाला माहीतच आहे. शेवटच्या तपासणीला पेशंटनं आपलं काम करून दाखवायचं. शिंप्यानं टाका घालायचा, बाईंनी फळ्यावर लिहायचं. मी शहाणा, तिसऱ्याच महिन्यात जिलब्यांचा पुडा घेऊन हजर! सिस्टरांनी पुड्याकडे पाहिलंच नाही. हातमोजा ताणून पाहिला.

"एव्हाना हा सैल पडायला हवा होता. नवा कोरा आहे. जिलब्या कोणी केल्या?"

"धाकट्या भावानं. भिकननं."

"मग हा पुडा भिकनचा. तुमचा आणाल तेव्हा खाईन."

ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फार लाज वाटली मला.

दोन बोटं तळव्याकडे वळली होती. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा मांडी. मग पाच वेळा लेझर. मला वाटायचं, लेझर म्हणजे खोडरबर. सर म्हणाले, "डाग राहील, कातडी मऊ होईल." तसंच झालं. या खेपेला हातमोजा मांडवातही घातला. कोणी विचारलं की सांगायचो, "भाजलंय." पंगतीतून एक माणूस उठला नाही. एवढं सांगायला मला आधी काय झालं होतं?

सिस्टर, तुम्ही निघालात आणि माझी शेवटची तपासणी राहूनच गेली. म्हणून आज सकाळपासून इथे मागे मांडलेल्या कढईपाशी मी बसलो होतो. भिकनला लांब बसवलं. पहिला घाणा फसला, खोटं कशाला बोलू? दुसऱ्याला मूठ वळली, फडकं पिळलं.

मला बोलू दिलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही वेडंवाकडं आलं असेल तर पदरात घ्या. जिलबी तर वेडीवाकडीच असते. पण सिस्टर, हा पुडा माझा आहे.